नासाऊची भिंत

विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराने 1885 साली बहामा बेटांवरच्या नासाऊमध्ये एक जलरंगचित्र केलं. नाव ‘अ गार्डन इन नासाऊ’. आकाराने मोठं नाही, साधारण पावणेदोन फूट रुंद. एक पांढरी भिंत, भिंतीपलीकडे बाग, बागेतून वर गेलेले माड, आणि भिंतीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, उभं असलेलं एक लहान कृष्णवर्णीय मूल. चित्रात आणखी काही घडत नाही. ऊन कडक आहे, एवढं मात्र पहिल्या नजरेत कळतं.

ही भिंत कोणत्या रंगाने रंगवली असेल, हे मला कितीतरी दिवस उमगत नव्हतं.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी जलरंग शिकायला लागले. रत्नागिरीत आमच्या घराजवळ एक तरुण चित्रकार शनिवार-रविवार वर्ग घेतात. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या, त्यामुळे रंगांशी ओळख होती. पण ती ओळख पोस्टर कलरची. ढग पांढरा हवा तर पांढऱ्या बाटलीत ब्रश बुडवायचा, बिनसलं तर वरून दुसरा रंग द्यायचा. इथे सरांनी माझ्या पेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब उचलून माझ्या हातात परत दिली. म्हणाले, “काकू, ही घरी ठेवा. पांढरा आपल्याकडे आहे की! कागद काय रंगाचा आहे?” आणि नक्कल करायला होमरच्या या चित्राची छापील प्रत समोर ठेवली.

आधी पेन्सिलीने हलक्या रेघा मारून घ्यायच्या, इथवर ठीक. पुढे सुरुवात कुठून करायची? मला वाटलं भिंतीपासून, कारण डोळ्यांत तीच आधी भरते. सरांनी विचारलं, “भिंतीला काय लावणार?” मी प्रत डोळ्यांजवळ नेली. भिंतीवर कुठे कुठे अगदी पातळ करडा हात दिलेला आहे, ओलीचे डाग वाटावेत असा. बाकी काही नाही. उन्हात लखलखणारी ती भिंत म्हणजे जवळजवळ सगळा उघडा कागद. होमरने तिथे रंग लावलेलाच नाही.

मग भिंतीची वरची कड दिसते कशाने? तिच्यामागच्या झाडांनी. हिरवा रंग वरून खाली येतो आणि एका ओळीत थांबतो. तो जिथे थांबला तिथे भिंत सुरू झाली. म्हणजे भिंत काढायची तर भिंतीला हात लावायचा नाही, झाडं काढायची आणि योग्य जागी थांबायचं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ब्रश हातात घेतला की डोकं चालेनासं होतं, कारण आयुष्यभर आपण जी वस्तू काढायची तिच्यावरच पेन्सिल चालवत आलेलो असतो. इथे लक्ष एकीकडे आणि हात दुसरीकडे.

शिवाय पाणी. फळी थोडी कलती ठेवून हात द्यायला लागलं की रंगाचं पाणी ब्रशच्या खाली एका ओळीत थेंबासारखं साचतं. ती ओळ ओली आहे तोवर पुढचा हात द्यायचा. मध्येच थांबलं तर तिथे कड वाळते आणि ती मग कायमची दिसत राहते. उन्हाळ्यात पंख्याखाली कागद बघता बघता वाळतो. जुलै-ऑगस्टात, कोकणातल्या दमट हवेत, आकाश देऊन जेवण करून आलं तरी कागद ओलाच असतो, आणि त्या ओल्यात शेजारचा हिरवा केव्हा भिंतीत शिरतो ते कळत नाही. वरून पांढरा देऊन ते झाकायची सोय नाही, ट्यूब घरी ठेवलेली. नासाऊही समुद्राकाठचं, दमट हवेचं गाव. तिथे या माणसाने झाडांची हिरवी गर्दी केली आणि भिंत कोरडी ठणठणीत ठेवली. त्याने हे कसं साधलं, या एका प्रश्नापायी मी त्याच्याबद्दल वाचायला लागले.

होमर 1836 साली बॉस्टनमध्ये जन्मला. त्याची आई हेन्रिएटा स्वतः जलरंगात चित्रं काढत असे आणि पहिले धडे त्याला घरातच मिळाले. पुढे तो बहुतांशी स्वतःच शिकला. विशीच्या आत बॉस्टनमधल्या एका शिळाछाप छापखान्यात उमेदवारीला लागला, आणि ती संपल्यावर मासिका-साप्ताहिकांसाठी चित्रं काढू लागला. ‘हार्पर्स वीकली’साठी त्याने अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांची चित्रं आघाडीवर जाऊन काढली. तेव्हा फोटो थेट छापता येत नसत. चित्र लाकडी ठोकळ्यावर उतरायचं आणि कोरक्याने ते कोरायचं. ज्या जागी पांढरं हवं तिथलं लाकूड कोरून काढून टाकायचं. जे राहिलं त्याला शाई लागायची.

हे वाचलं आणि माझा गोंधळ बराच निवळला. जलरंग नियमितपणे हातात घेतले तेव्हा, म्हणजे 1873 साली, होमर सदतीस वर्षांचा होता. त्याआधीची कितीतरी वर्षं तो ठोकळ्यासाठी चित्रं काढत आला होता, आणि तिथे पांढरं म्हणजे शाई न लागणारी जागा, हे प्रत्येक रेघेला ध्यानात धरावं लागतं. कागद कुठे मोकळा सोडायचा याची सवय त्याच्या हाताला तिथे लागली असावी, असं मला वाटतं. हा माझा कयास आहे, पण झाडांच्या कडेने भिंत काढताना तो मला रोज पटतो. पुढे त्याने 700च्या आसपास जलरंगचित्रं केली. नुसता कागद सोडून तो थांबत नसे. ओला रंग टिपून घेणं, वाळलेला रंग पुन्हा भिजवून उचलणं, चाकूच्या टोकाने खरवडून लाटेचा फेस काढणं, हे सगळं त्याच्या चित्रांत सापडतं.

नासाऊला तो कामासाठी गेला. 1884 सालच्या डिसेंबरात ‘सेंच्युरी’ मासिकाने त्याला पाठवलं. अमेरिकेतले पैसेवाले लोक हिवाळा काढायला नासाऊला जाऊ लागले होते. यादवी युद्धाच्या काळात तिथे रॉयल व्हिक्टोरिया नावाचं मोठं हॉटेल उभं राहिलं होतं. त्या हवापालटाच्या गावावर लेख येणार होता आणि होमरने सोबतची चित्रं करायची होती. लेख 1887च्या फेब्रुवारीत ‘अ मिडविंटर रिझॉर्ट’ या नावाने छापून आला. त्यात होमरची चित्रं कोरीव ठशांतून काळ्या-पांढऱ्यात छापली होती. म्हणजे माडाचा हिरवा आणि समुद्राचा निळा मासिकाच्या वाचकांना दिसलाच नाही.

पाहुण्यांसाठी नासाऊ म्हणजे ऊन, फुलं आणि समुद्र. तिथे राहणाऱ्यांसाठी ते काय होतं, हे मला चित्र बघून कळलं नसतं. बहामा तेव्हा इंग्रजांची वसाहत. 1834 साली कायद्याने गुलामगिरी संपली होती. बेटांवरचे बहुसंख्य लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. जमीन, व्यापार आणि कारभार मात्र मोजक्या गोऱ्या घराण्यांच्या हातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातला स्पंज काढून विकणं हा तिथला मोठा धंदा होता. होड्यांवर जाणाऱ्यांना व्यापारी आधीच उचल देत, आणि मग ती उचल फेडण्यातच त्यांचं वर्ष सरे. होमरने या लोकांना काम करताना काढलं आहे. शंखासाठी बुडी मारणारे, स्पंजाच्या होड्यांवरचे, बाजाराला निघालेले. पुढच्या फेरीतलं, 1898 सालचं ‘द टर्टल पाउंड’ त्यातलं सगळ्यात देखणं. समुद्रात लाकडी खुंटांचं कुंपण घालून केलेला कासवांचा कोंडवाडा, आणि पकडून आणलेलं कासव त्यात सोडणारी पाण्यातली दोन माणसं. ते ब्रुकलिन संग्रहालयात आहे. त्या माणसांच्या दंडाकडे आणि खांद्याकडे बघितलं की कळतं, होमरने त्यांच्याकडे नीट वेळ देऊन पाहिलंय. मजेदार दिसावीत म्हणून त्याने त्यांना काढलेलं नाही. त्या काळच्या अमेरिकन मासिकांतली काळ्या माणसांची बहुतेक चित्रं खिल्ली उडवणारी असत, हे लक्षात घेतलं तर ही मोठी गोष्ट आहे.

आता त्या मुलाविषयी. नक्कल करताना मी त्याला सगळ्यात शेवटी हात लावला. चित्रात ते इतकं लहान आहे की ब्रशच्या टोकाने दोन-चार ठिपके दिले की झालं, असं वाटतं. पण तेच दोन-चार ठिपके भिंतीच्या पांढऱ्यावर येतात, त्यामुळे नजर फिरून फिरून तिथेच जाते. भिंत जितकी स्वच्छ राहते तितकं मूल एकटं दिसतं. भिंतीत हिरवा शिरला की मूलही हरवतं. माझ्या बिघडलेल्या कागदांनी मला हे शिकवलं, आणि कागद का सोडायचा याचं उत्तर मला तिथे मिळालं. पांढरा स्वच्छ राहणं हा निव्वळ हातोटीचा प्रश्न राहिला नाही. ते मूल दिसायचं असेल तर भिंतीला रंग लावून चालणार नव्हतं.

हे चित्र आज शिकागोच्या टेरा फाउंडेशनच्या संग्रहात आहे. त्याची तपासणी झाली तेव्हा एक गोष्ट उघड झाली. होमरने आधी आणखी दोन मुलं काढली होती. ती नारळासाठी भिंतीवर चढत होती. मग त्याने ती दोघं काढून टाकली.

मी हे वाचलं आणि लगेच एका वाळलेल्या कागदावर करून पाहिलं. स्वच्छ पाण्याने भिजवलेला ब्रश रंगावर फिरवायचा, रंग सुटला की सुती कापडाने टिपायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा टिपायचा. बर्न्ट सिएना बऱ्यापैकी निघतो. सॅप ग्रीन निघतो, पण मागे पिवळसर डाग ठेवून जातो. जास्त घासलं तर कागदाचे तंतू उसवून वर येतात आणि पुढचा रंग तिथे फुटतो. एक मूल पुसायचं म्हणजे एवढी खटपट, आणि तीही चित्र हातचं जाण्याची जोखीम घेऊन. केलेली दोन माणसं पुन्हा कागदात जिरवायला चित्रकाराकडे तसंच कारण लागतं.

ती दोघं राहिली असती तर काय झालं असतं? हवापालटाला आलेल्या पाहुण्याला आवडेल असं चित्र झालं असतं. खोडकर पोरं, नारळाची चोरी, बघणाऱ्याच्या ओठांवर हसू. मुलांना बागेत शिरता येतं, असंही त्यात दिसलं असतं. ती गेल्यावर जे उरलं त्यात कुणी चढत नाही. मूल बाहेर आहे, माड आत आहे, मध्ये भिंत आहे. होमरने असं का केलं हे त्याने सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. तो स्वतःच्या चित्रांबद्दल बोलायला नाखूशच असे. पण ज्या माणसाने 1876-77च्या सुमारास व्हर्जिनियात जाऊन नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांची चित्रं केली, ‘द कॉटन पिकर्स’सारखं चित्र काढलं, त्याला या भिंतीचा अर्थ कळत नव्हता असं मी तरी मानणार नाही. चित्राच्या नावात बाग आहे, मूल नाही, तरीही.

तो नासाऊला पुन्हा गेला 1898 साली. आता तो बासष्टचा होता. या वेळी त्याने ‘अ वॉल, नासाऊ’ हे चित्र केलं. पुन्हा भिंत, वर लालभडक पॉइन्सेटिया, बाजूला समुद्राची निळी पट्टी. माणूस एकही नाही. भिंतीच्या माथ्यावर मात्र बारीक टोकं दिसतात. आधी मला ती वाळलेली पानं वाटली. नीट पाहिल्यावर ओळख पटली, कारण रत्नागिरीतल्या जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडवर लहानपणापासून हेच पाहिलंय. बाटल्या फोडून भिंतीत रोवलेल्या काचा. फुलं इतकी सुंदर आहेत की काचा दिसायला वेळ लागतो, आणि एकदा दिसल्या की फुलं पुन्हा आधीसारखी दिसत नाहीत. मी त्या काचांची नक्कल करायचा प्रयत्न अजून करतेय. त्यांना धार दिसण्यासाठी कागदाचे अगदी सुईएवढे कण मोकळे सोडावे लागतात.

पांढऱ्याचा एवढा पाठपुरावा केल्यावर एका चित्राने मला पुन्हा पेचात टाकलं. ‘फॉर टू बी अ फार्मर्स बॉय’ हे होमरचं 1887 सालचं चित्र आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमध्ये आहे. त्यातलं आकाश पांढरंफटक दिसतं. मला वाटलं, इथेही कागद सोडला. तसं नाही. तिथल्या तज्ज्ञांनी 2008 सालच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने होमरच्या जलरंगांचा अभ्यास केला, तेव्हा कळलं की ते आकाश मावळतीच्या तांबड्या-नारिंगी रंगांनी भरलेलं होतं. होमरने वापरलेले काही तांबडे रंग प्रकाशाने उडून गेले. म्हणजे एक पांढरा चित्रकाराने ठरवून राखलेला आणि एक पांढरा काळाने केलेला, आणि माझ्यासारख्या नवख्या डोळ्याला दोन्ही सारखेच. सरांना विचारलं तर ते म्हणाले, “चौकटीखाली झाकलेली कड बघतात. तिथे उजेड पोचलेला नसतो, खरा रंग तिथे सापडतो.” तेव्हापासून मी नव्या ट्यूबवर रंग किती टिकाऊ आहे त्याची खूण बघितल्याशिवाय ती विकत घेत नाही. आपल्याकडच्या उन्हात भिंतीवर चित्र लावायचं तर हे बघायलाच हवं.

एक शंका मात्र मनातून जात नाही. होमर पाहुणा होता. हिवाळ्यात यायचा, चित्रं करायचा, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या थंड किनाऱ्यावरच्या आपल्या घरी परतायचा. बेटावरच्या माणसाला ही चित्रं कशी दिसत असतील? त्याचं एक उत्तर सेंट लुशिया बेटावरच्या डेरेक वॉलकॉटकडे मिळतं. नोबेल मिळवणारा हा कवी स्वतः जलरंगात बेटांची चित्रं काढत असे. त्याच्या ‘ओमेरॉस’ या 1990 सालच्या दीर्घकाव्यात निवेदक एका अमेरिकन संग्रहालयात होमरच्या ‘द गल्फ स्ट्रीम’ या तैलचित्रासमोर येऊन उभा राहतो. डोलकाठी मोडलेल्या होडीत एकटा पडलेला काळा माणूस, भोवती शार्क. त्या चित्राची पाळंमुळं होमरच्या पहिल्या बहामा फेरीतच आहेत. वॉलकॉटने त्या माणसात आपल्या बेटावरचा कोळी ओळखला. पाहुण्याने काढलेल्या चित्रात घरच्या माणसाला घरचा माणूस सापडावा, याहून मोठी पावती मला सुचत नाही.

त्या दोन मुलांना पुसून होमरने चित्र मोठं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. जलरंग नव्याने शिकणाऱ्या कुणालाही मी सांगेन की फुलदाण्या आणि सूर्यास्त जरा बाजूला ठेवून नासाऊच्या या भिंतींची नक्कल करून बघा. ‘अ वॉल, नासाऊ’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मालकीचं आहे आणि त्याची मोठी प्रतिमा संग्रहालयाने सर्वांना मोफत खुली ठेवली आहे, काचा मोजता येतील एवढी. मुलांकडे अमेरिकेत जाणार असाल आणि मूळ चित्रं पाहायची असतील, तर निघण्याआधी संग्रहालयाकडे चौकशी करा. कागदावरची चित्रं प्रकाशाने खराब होतात, म्हणून ती बहुतेक वेळ अंधाऱ्या कपाटात ठेवलेली असतात आणि थोड्याच दिवसांसाठी बाहेर काढली जातात.